आमच्या बंपरला चिकटून गाडी चालवणाऱ्या महाशयांना खुले पत्र

महाशय,

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ असं लिहिलेलं मी वाचलं. माझ्या उजवीकडून घुसून तुम्ही पुढे गेलात, तेव्हा ती अक्षरं दिसली. त्याआधी बराच वेळ मला फक्त तुमचे हेडलाइट दिसत होते. दुबईतला शेख मोहम्मद बिन झायेद रोड, मिर्दिफच्या अलीकडचा पट्टा, सकाळची ऑफिसची वेळ. डावीकडे कठडा, उजवीकडची लेन भरलेली, समोर गाडीला गाडी. मी बाजूला होणार तरी कुठे? पण तुम्ही लाइट मारतच राहिलात, मग हॉर्न सुरू केलात. तुमच्या गाडीची नंबरप्लेट आरशात दिसत नव्हती, इतके तुम्ही माझ्या बंपरला चिकटला होतात.

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते शोधायचंही नाही. तुमच्यासारखे या देशात सगळ्या पासपोर्टांचे आहेत. पण परक्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं असतं, घरच्या माणसाला मात्र तोंडावर सांगावं लागतं. म्हणून हे तुम्हाला, आपल्या भाषेत.

तुमचं उत्तर मी आधीच ऐकलेलं आहे. करामात जेवताना, गणपतीच्या कार्यक्रमात, बर्दुबईत किराणा घेताना ते नेहमी कानावर पडतं. “शहर केवढं वाढलं! गाड्या किती झाल्या! अपघात होणारच.” हे इतक्या सहज बोललं जातं, की जणू अपघात ऋतूप्रमाणे येतात आणि कुणाच्या हातून होतच नाहीत. तुमचं हे म्हणणं मी आधी पूर्ण गांभीर्याने घेते, कारण त्यात तथ्य आहे. त्यानंतर तुमच्या वाट्याचं बोलते.

शहर वाढलं, हे खरंच. १९७५ च्या जनगणनेत अख्ख्या अमिरातीत साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती. आज हा आकडा एक कोटीच्या पुढे आहे. त्या वर्षी दुबईची वस्ती दोन लाखही नव्हती, आता ती चाळीस लाखांच्या घरात आहे. गाड्यांची वाढ तर माणसांच्याही पुढे गेली. जगात वाहनं वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी वाढतात आणि इथे ८ टक्क्यांहून जास्त, हे इथल्या ऊर्जा आणि पायाभूत सुविधा मंत्र्यांनी २०२५ मध्ये फेडरल नॅशनल कौन्सिलपुढे सांगितलं आहे.

वाढ अपघात कशी घडवते, तेही समजून घेऊ. ज्या रस्त्यावर तुम्ही मला लाइट मारलेत, तो रस्ता एकेकाळी शहराबाहेरून जात होता. वस्ती समुद्राच्या बाजूला, मधे वाळू आणि पलीकडे हा वेगवान रस्ता. मग मिर्दिफ भरलं, मुहैसना भरलं, इंटरनॅशनल सिटी उभी राहिली, सिलिकॉन ओएसिस आलं. रस्ता जागचा हलला नाही, शहरच त्याच्या अंगावरून पलीकडे गेलं. त्याच्याही बाहेर दुबई बायपास रोड काढला. २०१३ मध्ये त्याला एमिरेट्स रोड हे नाव मिळालं आणि आता त्याच्याही दोन्ही अंगांना वस्त्या उठल्या आहेत. लांबच्या प्रवासासाठी आखलेल्या रस्त्यावर मुलांना शाळेत सोडणारी आई, सिमेंटचा ट्रक, कामगारांची बस आणि पाव पोचवणारी व्हॅन अशी सगळी एकाच वेळी येतात. प्रत्येकाचा वेग वेगळा आणि वळण वेगळं. दर थोड्या अंतरावर एक्झिट, आणि प्रत्येक एक्झिटपाशी लेन बदलणाऱ्यांची झुंबड. धोका नेमका तिथेच तयार होतो.

पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कात्रज–देहूरोड बाह्यवळण शहराबाहेरून जावं म्हणून काढलं होतं. नऱ्हे, आंबेगाव, वडगाव, वारजे, बावधन वाढत गेलं आणि बाह्यवळण वस्तीच्या मधोमध आलं. उतारावरून येणारे अवजड ट्रक आणि दुचाकीवर भाजी आणायला निघालेली माणसं नवले पुलापाशी एकमेकांसमोर येऊ लागली. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी तिथे एका कंटेनरने पुढच्या गाड्यांना उडवलं, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. ती पहिली वेळ नव्हती.

वाढत्या शहरात घरभाड्याचंही तसंच. पगार दुबईचा पण दुबईचं घरभाडं परवडत नाही, म्हणून हजारो कुटुंबं शारजात आणि अजमानात राहतात. मीही त्यातलीच. मेट्रोची ग्रीन लाइन कुसैसपाशी संपते, शारजात येत नाही. म्हणून सकाळी अल नहदा, अल इत्तिहाद रोड, शेख मोहम्मद बिन झायेद रोड, जिथे बघाल तिथे लाल दिव्यांची रांग. तासभर रांगत आलेल्या माणसाला दोन किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला की त्याचा पाय आपोआप खाली जातो. गेलेला वेळ त्याला तेवढ्यातच भरून काढायचा असतो.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता पुढचं ऐका.

२००७ मध्ये दुबईत दर एक लाख लोकसंख्येमागे रस्त्यावर सुमारे २२ माणसं मरत होती. २०२४ मध्ये हा आकडा २ च्या खाली आला. मधल्या काळात शहराची वस्ती दुपटीहून अधिक झाली. उंच इमारती, नवी बेटं, नव्या वसाहती, एक्स्पो, सगळं याच काळातलं. शहर वाढलं म्हणून माणसं मरणारच असती, तर हा आकडा वर जायला हवा होता. तो खाली आला, कारण माणसांनी कष्टाने खाली आणला. २००८ पासून नियम मोडणाऱ्याच्या नावावर ब्लॅक पॉइंट जमा होऊ लागले, २४ भरले की लायसन्स जातं. २००९ मध्ये मेट्रो धावू लागली. २०१७ पासून मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलांना वेगळी सीट सक्तीची झाली. पायी चालणाऱ्यांसाठी २००६ मध्ये २६ पूल आणि भुयारी मार्ग होते, ते २०२४ पर्यंत १७७ झाले. पादचाऱ्यांचे मृत्यू २००७ मध्ये लाखामागे ९.५ होते, ते २०२३ मध्ये ०.३ वर आले. ज्या अभियंत्यांनी, पोलिसांनी, रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी हे केलं, त्यांच्यामुळे आज तुमच्या-माझ्या ओळखीची कित्येक माणसं जिवंत आहेत. त्यातली काही कोण आहेत, हे कधीच कळणार नाही.

आणि एवढं होऊनही देशाचा आकडा पुन्हा चढू लागला आहे. गृहमंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये अमिरातीच्या रस्त्यांवर ३४३ माणसं गेली, २०२३ मध्ये ३५२ आणि २०२४ मध्ये ३८४. २००८ मध्ये हीच संख्या एक हजाराच्या वर होती, त्या मानाने आजची कमी आहे. पण दोन वर्षं लागोपाठ वर गेलेला आकडा पाहून स्वस्थ बसता येत नाही. कारणांच्या यादीत वरच्या ओळींत काय आहे? गाडी चालवताना लक्ष दुसरीकडे, पुढच्या गाडीपासून अंतर न ठेवणं, अचानक लेन बदलणं, बेफिकिरी. यातलं एकही काम शहर करत नाही. शहराच्या हातात स्टिअरिंग नसतं. ते तुमच्या हातात असतं.

हिशेब मांडून दाखवते. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. पुढच्याचे ब्रेकलाइट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपलेले असतात. तुमच्या-माझ्यात फार तर पाच मीटर होते. त्या सकाळी माझ्यापुढच्या गाडीचं टायर फुटलं असतं, तर तुमचा पाय हलायच्या आधी तुम्ही माझ्या मागच्या सीटवर असता. दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सांगतात, ते या वेगाला ६६ मीटर भरतं. आता तुमची कमाई बघा. २५ किलोमीटरच्या वाटेवर १२० ऐवजी १४० ने गेलात, तर पावणेदोन मिनिटं वाचतात, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. त्या बदल्यात आदळण्याचा जोर एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो. पावणेदोन मिनिटांसाठी तुम्ही पुढच्या गाडीतल्या सगळ्यांचा जीव पणाला लावता, आणि तेही त्यांना न विचारता.

तुम्ही नियम पाळत नाही, असंही म्हणता येत नाही. रडार तुम्ही अगदी मनोभावे पाळता. दुबईत ज्या रस्त्यावर पाटी १२० ची असते, तिथे रडार १४० च्या पुढे गेल्यावर चमकतो. म्हणून तुमची गाडी १३९ वर धावते. फोनमधलं अ‍ॅप ‘पुढे रडार आहे’ म्हणालं की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा तीच उडी. अबुधाबीने ऑगस्ट २०१८ मध्ये ही वीस किलोमीटरची मोकळीक काढून टाकली. तिथे पाटीवर जे लिहिलं आहे तीच मर्यादा. दुबईनेही ती काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्याने चिकटून येण्याला दंड ४०० दिरहॅम आणि चार ब्लॅक पॉइंट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून दुबईत महिनाभर गाडीही जप्त होऊ शकते. तुम्हाला जाग यायला अजून किती दंड लागेल? खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही वेग कमी करता, पण पुढच्या गाडीतल्या जिवंत माणसांसाठी करत नाही. माझी तुमच्यावरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

आता मरतं कोण, ते बघा. तुमच्या गाडीला सहा-सात एअरबॅग असतील. पण या रस्त्यांवर सगळेच तुमच्यासारखे बसलेले नाहीत. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी अल ऐनमध्ये कामगारांच्या बसचा ट्रकशी अपघात झाला आणि २० हून अधिक माणसं गेली. १० मे २०१४ रोजी दुबईत एमिरेट्स रोडवर कामगारांची बस उभ्या ट्रकवर आदळली आणि किमान १३ जण मेले. हे लोक गाडी चालवत नव्हते. दिवसभर याच शहराच्या इमारती बांधत होते. ६ जून २०१९ ला, ईदच्या सुट्टीत, मस्कतहून येणारी बस रशिदियापाशी उंचीच्या अडसरावर आदळली. १७ माणसं गेली, त्यांत १२ भारतीय. ४० ची मर्यादा असलेल्या जागी बस ९४ ने जात होती, असं सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितलं. ११ मार्च २००८ च्या सकाळी अबुधाबी-दुबई रस्त्यावर गंतूतजवळ दाट धुक्यात सुमारे २०० गाड्या एकमेकांवर चढल्या. जीव गेले, शेकडो जखमी झाले. त्या धुक्यात कुणी किती अंतर ठेवलं होतं, एवढाच प्रश्न मला पडतो. पुढचं दिसत नसतानाही मागच्या सगळ्यांना पोचायची घाई होतीच.

डिलिव्हरीची मुलं घ्या. पाठीवर पेटी, फोनवर घड्याळ पळतंय, उन्हाळ्यात हेल्मेटच्या आत डोकं भाजतंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून दुबईत पाच लेनच्या रस्त्यांवर डावीकडच्या दोन लेन त्यांच्यासाठी बंद झाल्या, आणि ते बरंच झालं. पण तुम्ही डावीकडून थेट उजवीकडे तीन लेन कापून एक्झिट पकडता, तेव्हा त्या उजव्या लेनमध्ये आता तो मुलगा असतो. इंडिकेटर न देता तुम्ही त्याच्या अंगावर जाता आणि आरशात बघतही नाही.

आणि पायी जाणारे. सोनापूरच्या कामगार-कॅम्पांजवळ किंवा अल कूझमध्ये संध्याकाळी उभे राहा. काम सुटलेला माणूस हातात डब्याची पिशवी घेऊन कडेला उभा असतो. पूल लांब, बस पलीकडे, आणि चुकली तर पुढच्या बससाठी ताटकळणं आलंच. तो धावत सुटतो. त्याने धावू नये, हे मी त्याच्याही तोंडावर सांगते. मार्च २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात ताशी ८० किंवा त्याहून जास्त मर्यादेचा रस्ता असा ओलांडायला मनाईच आहे, शिक्षाही कडक आहे. पण त्याची चूक त्याच्या जिवावर बेतते, तुमची चूकही त्याच्याच जिवावर. तुमच्या बंपरला फार तर पोचा येतो, आणि तो विम्यात दुरुस्त होतो.

माणूस गेल्यावर पुढे काय होतं, ते तुम्ही बहुधा पाहिलं नसेल. ज्या घरांवर ही वेळ आली, त्यांच्यातल्या काहींबरोबर मी कचेऱ्यांमध्ये बसले आहे. आधी पोलिसांचा कागद. मग मृत्यूचा दाखला. मग त्याचा व्हिसा रद्द करायचा, वकिलातीत पासपोर्ट रद्द करून घ्यायचा. देह मुहैसनाच्या केंद्रात न्यायचा, तिथे प्रवासासाठी टिकवण्याची प्रक्रिया होते. मग कार्गोचं बुकिंग. त्या कार्गोच्या कागदावर वजनाचा रकाना असतो. नाव, पाठवणारा, घेणारा, आणि समोर किलो. सांगलीच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या घरात फोनवर कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारत असतं, “कधी येणार?” आणि इथून कुणीतरी सांगत असतं, “अजून एक सही राहिली आहे.” कायद्याप्रमाणे रक्तमूल्य, म्हणजे मृताच्या घरच्यांना द्यायची भरपाई, दोन लाख दिरहॅम. ते बहुतेक वेळा विमा कंपनी भरते, तुमच्या खिशाला झळ बसत नाही. त्या घरातला कमावता हात मात्र गेलेला असतो, कर्ज डोक्यावर असतं आणि मुलांची शाळा अर्ध्यावर.

सगळं खापर मी एकट्या तुमच्यावर फोडत नाही. घरं एकीकडे आणि कामं दुसरीकडे अशी शहराची आखणी करणारे, मिनिटांच्या बोलीवर जेवण पोचवण्याचा धंदा करणारे, थकलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या पाळीत बसवणारे मालक, या सगळ्यांचा वाटा आहे आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. एमिरेट्स रोडवर उम्म अल कुवैनकडे २५ किलोमीटरचं ७५ कोटी दिरहॅमचं रुंदीकरण सुरू झालं आहे, तीनाच्या पाच लेन होतील. मेट्रोची ब्लू लाइन २०२९ मध्ये मिर्दिफ आणि इंटरनॅशनल सिटीला जोडायची आहे. लेन वाढवल्याने गाड्या वाढतात, मेट्रो आणि बसने त्या कमी होतात, म्हणून मला दुसऱ्या मार्गावर जास्त भरवसा आहे. मेट्रो शारजात आली पाहिजे, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे. पण लेन पाच झाल्या काय आणि पंधरा झाल्या काय, पुढच्या गाडीपासून तुमचं अंतर पाच मीटरच राहणार असेल, तर त्या रुंद रस्त्याचा उपयोग फक्त जास्त वेगाने आदळायला होईल.

अजून एक गोष्ट आपल्या माणसांना सांगायलाच हवी. दुबईत पट्टा लावणारे आपण मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीत बसलो की पट्टा विसरतो. इथे झेब्रा क्रॉसिंगवर थांबणारे आपण गावी एसटी स्टँडसमोर बायाबापड्यांच्या अंगावर हॉर्न वाजवत जातो. भारतात २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जणांचा कोळसा झाला. दंडाच्या भीतीने शिकलेली शिस्त विमानतळावर गळून पडते. माणसाच्या काळजीतून आलेली शिस्त दोन्ही देशांत सोबत राहते. आपल्याला यातली दुसरी हवी आहे.

तेव्हा, महाशय, मागणं थोडक्यात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात दोन सेकंद मोजा, त्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचता कामा नये. धुकं असेल तर चार मोजा. डावी लेन पुढे जाण्यासाठी आहे, तिच्यावर मालकी सांगायला नाही. पुढे गेलात की उजवीकडे या. लाइट मारणं बंद करा. पुढच्याला जागा मिळाली की तो स्वतःच सरकतो. मीही सरकेन. मागे बसलेल्या मुलाचा पट्टा स्वतःच्या हाताने लावा. एक्झिट चुकली तर चुकू द्या, पुढची घ्या. आणि तुमच्या ओळखीचा कुणी आपल्या १८० च्या वेगाची बढाई मारायला लागला, तर हसू नका, त्याला तिथल्या तिथे सुनवा. अशा बढायांना हसणाऱ्यांमुळेच हे रस्ते बिघडले आहेत.

काचेवर तुम्ही आईचं नाव लिहिलं आहे. ते नाव घेऊन कुणाच्या आईचं लेकरू तुडवू नका. उद्या सकाळी त्याच रस्त्यावर मी असेन, तुम्ही असाल, आणि डब्याची पिशवी घेतलेला तो माणूसही असेल. तिघांनी संध्याकाळी घरी पोचायचं आहे, आणि त्यातला तुमचा वाटा तुम्हालाच उचलावा लागेल.

आपली,
शारजाहून दुबईला नोकरीसाठी जाणारी एक मराठी बाई